इंगोल्यांची नदी

दादाराव इंगोले तुम्हाला भेटले आणि टे नदीबद्दल बोलले नाहीत, असं होऊच शकत नाही. तुम्ही नुसतं 'काका, आज थंडी आहे नाही?' म्हणा, ते तुम्हाला धरून स्कॉटलंडच्या डोंगरात नेतील आणि नदी समुद्राला मिळेपर्यंत सोडणार नाहीत. आमच्या डब्लिनमध्ये, म्हणजे ओहायोतल्या, आयर्लंडचं ते वेगळं, त्यांना 'नदीकाका' म्हणतात. कौतुकाने म्हणत नाहीत. पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, काका आत शिरले की लोक हातातली प्लेट सांभाळत दुसऱ्या टेबलाकडे सरकतात. मी सरकत नाही. एक तर मी नागपूरची, आणि काकांच्या बायकोच्या, कमलामावशींच्या हातचा झुणका मला लागतो. दुसरं म्हणजे, जी माणसं आपल्या बेसमेंटच्या फ्लोरिंगवर तासन्‌तास बोलू शकतात त्यांना एका नदीचा कंटाळा यावा, याची मला चीड येते.

काका खारपाणपट्ट्यातले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अकोला-अमरावतीकडे पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना मैलोन्‌मैल असा पट्टा आहे की तिथे जमिनीत कितीही खोल जा, पाणी खारटच लागतं. डाळ शिजत नाही, चहातलं दूध फाटतं. काकांच्या गावात गोड्या पाण्याची विहीर एकच होती, आणि ती कोणत्या आळीत होती हे वेगळं सांगायला नको. काकांची आई रिकामी घागर घेऊन विहिरीपासून लांब उभी राहायची. कुणाला दया आली, सवड झाली, तर वरून ओतायचे. नदीवरही यांचा उतार सगळ्यांच्या खालच्या अंगाला. वरच्यांची गुरं, भांडी, कपडे धुऊन झाले की उरलेली पूर्णा यांच्याकडे यायची. वडील किडनी जाऊन गेले. डॉक्टर काहीही म्हणोत, काका म्हणतात, 'आमच्या बापाला मिठाने खाल्लं.'

अशा घरातला पोरगा पाण्याचा अभ्यास करायला निघाला तर त्यात नवल काय? अमरावतीला इंजिनियरिंग झालं, मग सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि काका स्कॉटलंडच्या डंडी शहरात पोचले. तेव्हा लग्नाला दीड वर्ष झालं होतं. मुलगा कुशल पाळण्यात होता. शिष्यवृत्तीत बायको-मुलाला न्यायची सोय नव्हती, म्हणून मावशी अकोल्याला सासूजवळ राहिल्या. त्या तीन वर्षांचा विषय निघाला की मावशी अजून म्हणतात, 'ती नदी म्हणजे माझी सवत आहे बाई. मी इकडे खारं पाणी भरत होते आणि हे तिच्या काठावर.'

डंडीला टे नदी समुद्राला मिळते. मिळते म्हणजे आधी चांगली पसरते, गाळाचे दांडे टाकते, आणि दिवसातून दोनदा समुद्र तिच्यात उलटा शिरतो. भरतीचा जोर थेट पर्थ शहरापर्यंत लागतो. काकांचा अभ्यास हाच होता, की खारं पाणी गोड्या पाण्यात कुठवर चढतं आणि नदी त्याला कुठे थोपवते. खारपाणपट्ट्यातल्या माणसाच्या नशिबी जगाच्या टोकालाही मीठच आलं, असं मी एकदा चेष्टेत म्हणाले. काका हसले नाहीत. म्हणाले, "प्रणिता, तिथे मी पहिल्यांदा बघितलं की गोडं पाणी खाऱ्याला मागे ढकलू शकतं. पाणी भरपूर पाहिजे फक्त."

आणि टेला पाणी भरपूर आहे. थेम्स लांबीने मोठी, नाव तिचं मोठं, पण ब्रिटनमधल्या कुठल्याही नदीपेक्षा जास्त पाणी टे वाहून नेते. हे सांगताना काकांची छाती फुगते, जणू त्यांनीच ते वरून ओतलंय. पर्थच्या जुन्या दगडी पुलाच्या खांबावर शे-दोनशे वर्षांतल्या पुरांच्या खुणा कोरल्या आहेत, एकावर एक. काका त्या पुलाखाली उतरून प्रत्येक खुणेला हात लावून आले आहेत. एकोणिसाव्या शतकात डंडीजवळचा रेल्वेचा नवाकोरा पूल वादळात कोसळला आणि धावती गाडी माणसांसकट नदीत गेली. जुन्या पुलाच्या खांबांचे बुंधे अजून पाण्यातून वर दिसतात. ते सांगताना काका आवाज खाली आणतात. तिथल्या शिंपल्यांत मोती होते, ते लोकांनी ओरबाडून संपवत आणले. वरच्या खोऱ्यातलं पाणी डोंगराला बोगदे पाडून विजेसाठी इकडचं तिकडे वळवलं. सॅल्मन मासा नदीतून वर चढतो, पण तो धरायचा हक्क काठावरच्या मालकांचा. "पाणी सगळ्यांचं, मासा मालकाचा," काका म्हणतात, "तिथेही आहेच हे. मी काही स्वर्ग बघून आलो नाही."

पण त्यांची खरी गोष्ट याच्या पुढची आहे, आणि तिथपर्यंत ऐकायला बहुतेक वेळा कुणी उरलेलं नसतं. परत यायच्या आधी काका उगमाला गेले. बेन लुई नावाचा डोंगर आहे. तिथून जो ओढा निघतो त्याला टे म्हणत नाहीत, कॉनोनिश म्हणतात. खाली आल्यावर तीच फिलन होते. मग डॉखर्ट होते, आणि किलिन गावात खडकांवरून आदळत मोठ्या सरोवरात शिरते. सरोवरातून बाहेर पडते तेव्हा कुठे ती टे. काका म्हणतात, "तीनदा नाव बदललं तिने. पण पर्थमध्ये तिला कुणी विचारत नाही, की बाई, तुझं आधीचं नाव काय होतं." हे वाक्य कळायला आमच्यासारख्या घरात जन्मावं लागतं. छप्पन साली आमच्या आजोबांनी धम्म घेतला, सगळं बदललं, आणि तरी ओहायोत येऊन मला लोक विचारतात, 'प्रणिता, आडनाव नाही कळलं गं. म्हणजे मूळचे कोण?'

तर कॉनोनिशच्या काठी काका गुडघ्यावर बसले आणि ओंजळीने पाणी प्यायले. "प्यालो," ते सांगतात, "आणि सवयीने मागे वळून बघितलं. कुणी नव्हतं. एक मेंढी होती."

मग त्यांनी सॅम्पलची बाटली भरली. प्रयोगशाळेसाठी नाही, मावशींसाठी. सॅम्पल घ्यायची एक पद्धत असते. बाटली आधी त्याच पाण्याने तीनदा विसळायची, ते पाणी फेकायचं, आणि मग भरायची, म्हणजे आधीच्या कशाचाही अंश राहत नाही. ती सवय काकांच्या हातात इतकी मुरली आहे की आजही ते कुठेही पाणी प्यायच्या आधी ग्लास थोड्या पाण्याने तीनदा विसळतात. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात यावरून त्यांची टिंगल होते. 'काकांचं सोवळं बघा!' असं एकदा एका पुणेकर काकूंनी भर पंगतीत म्हटलं. आयुष्यभर ज्याच्या सावलीचं लोकांनी सोवळं पाळलं त्याला. मी तोंड उघडणार होते, पण मावशींनी टेबलाखालून माझा हात दाबला.

स्कॉटलंडमध्ये नोकरी मिळाली नाही. भारतात दोन वर्षं कंत्राटावर गेली. मग ओहायोतल्या एका कंपनीने बोलावलं आणि काका इथे आले. टेचा माणूस मॉलच्या पार्किंगमधलं पावसाचं पाणी कुठल्या गटारात जाईल याचे हिशेब करत बसला, आणि दोन वर्षांपूर्वी कंपनीने 'रिस्ट्रक्चरिंग' म्हणत त्याला घरी पाठवलं. मावशी डे-केअरमध्ये मुलं सांभाळतात. घरात शिरलं की समोर शोकेस आहे. त्यात बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि ती बाटली. साध्या पांढऱ्या प्लास्टिकची, लेबल पिवळं पडलेलं. झाकणावरची सीलची फीत मावशींनी कधी काढू दिली नाही. सवत म्हणायच्या, पण दर रविवारी वंदनेच्या आधी बाटलीवरची धूळ त्याच पुसायच्या.

आता मंडळाकडे येते.

आमच्या मंडळाने गेल्या वर्षी कार्पेटचं एक बंद पडलेलं दुकान घेतलं आणि त्याचं मराठी भवन केलं. अध्यक्ष शशिकांत, सेक्रेटरी हिमानी. दोघेही कामाला वाघ, हे कबूल. उद्घाटनाची कल्पना हिमानीची होती. प्रत्येक कुटुंबाने आपल्या गावच्या नदीचं पाणी आणायचं, ते एका तांब्याच्या घंगाळात ओतायचं, त्यातलं थोडं कलशात भरून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायचं. आणि त्या भिंतीवर पितळी पट्ट्या लावायच्या, कुटुंबाचं नाव आणि त्यांची नदी. 'नद्यांची भिंत.' व्हॉट्सअ‍ॅपवर हृदयांचा नुसता सडा पडला.

काका म्हणाले, "आपल्याला जमणार नाही. पाणी पूजायचं नसतं, प्यायचं असतं."

मावशी म्हणाल्या, "पूजा करायला मी कुठे सांगते? भिंतीवर नाव पाहिजे मला. एवढी वर्षं झाली या गावात. दर कार्यक्रमाला शंभर पुऱ्या लाटून नेते. स्टेजवर कुणी एकदा बोलावलंय का आपल्याला?"

"मग पूर्णेचं मागवू पुतण्याकडून."

मावशींचा चेहरा बदलला. "त्या नदीनं तुमच्या मायला काय दिलं? खालचा उतार. तिचं नाव मी माझ्या नावापुढे लावू? आपली नदी ही आहे." त्यांनी शोकेसकडे बोट केलं. "तुम्ही तिथे प्यालात. कुणाला न विचारता. तीच आपली."

मी समोर बसले होते. काका उठून शोकेसपाशी गेले. सिएटलहून कुशलचा फोन आला, त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "बाबा, इट्स जस्ट वॉटर. व्हाय डू यू केअर व्हॉट दे थिंक?" मावशींनी फोन काकांच्या हातातून घेतला आणि म्हणाल्या, "तुला कळणार नाही राजा. तू कळायला लागल्यापासून नळाचं प्यालास."

काकांनी एकच अट घातली. नदी कुठली ते दोन मिनिटं सांगू द्यायचं. शशिकांत फोनवर "शुअर, व्हाय नॉट" म्हणाला. त्यानंतरचा आठवडा काका घरात येरझाऱ्या घालत दोन मिनिटांचं भाषण पाठ करत होते. एवढी मोठी नदी दोन मिनिटांत बसवायची म्हणजे काय चेष्टा आहे? आधी पूल काढला, मग मोती काढले, मग मासे. शेवटी उगम, आधीची तीन नावं आणि ती ओंजळ एवढंच ठेवलं. मेंढी ठेवू की नको, म्हणून मला दोनदा फोन केला. मी म्हटलं, ठेवा.

त्या शनिवारी सकाळी मीच त्यांना गाडीतून घेऊन गेले, काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं म्हणून. मावशींनी निळी पैठणी नेसली होती. बाटली स्वच्छ पांढऱ्या रुमालात गुंडाळून मांडीवर धरली होती.

दारातल्या टेबलाशी शशिकांत उभा होता. त्याने बाटली उलटसुलट करून बघितली.

"हे काय काका? स्कॉटलंड? मला वाटलं तुम्ही अकोल्याकडचे."

"हो, गाव तिकडचंच. पण ही नदी—"

"मग पूर्णा आणायची ना! नाही, म्हणजे कन्सेप्ट आपल्या मातीचा आहे. परदेशी नदीचं कसं करायचं..." मग त्याने आवाज हळू केला. "आणि तुमच्यात हे कलश वगैरे चालतं ना? नाही, आपलं विचारलं. आम्हाला कुणाला हर्ट नाही करायचं."

मावशी म्हणाल्या, "कलशाचं तुम्ही बघा. हे दोन मिनिटं बोलणार आहेत."

"हो हो काकू, वेळ उरला तर नक्की. बसा तुम्ही, मी बघतो."

मी ताटं आणायला किचनमध्ये गेले. तिथे हिमानी सिंकपाशी उभी राहून रिकाम्या बाटल्या नळाखाली भरत होती. शेजारी स्टिकर मांडून ठेवलेले. पंचगंगा, नीरा, इंद्रायणी.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"अरे यार, निम्मे लोक विसरले. कुणाची बाटली एअरपोर्टवर काढून घेतली, कुणी आणलीच नाही. आता ऐनवेळी काय करणार? सिम्बॉलिक आहे गं. भावना महत्त्वाची."

"आणि इंगोले काकांनी खरं पाणी आणलंय, ते चालत नाही?"

"शशिकांतदादा बघतायत ना. तू टेन्शन नको घेऊस. त्यांचंही नाव येणार, मी प्रॉमिस करते."

मला तिथेच ओरडायचं होतं. पण मला वाटलं, नाव येणार म्हणतेय, म्हणजे टे मानली असेल. मी ताटं घेऊन बाहेर आले.

कार्यक्रम सुरू झाला. एकेक कुटुंब स्टेजवर जायचं, शशिकांत माईकवर नदीचं नाव पुकारायचा, पाणी घंगाळात पडायचं, टाळ्या. कृष्णा! गोदावरी! पंचगंगा, म्हणजे आमच्याच किचनमधली! मग शशिकांतची मुलगी रुही आली, हातात काचेची बाटली. "ही आपली नेक्स्ट जनरेशन! समर ट्रिपला स्वतः भरून आणलंय. नायगारा!" सगळ्यात मोठ्या टाळ्या नायगाराला पडल्या. मी मावशींकडे बघितलं. त्या ताठ बसल्या होत्या. नायगारा चालला तर टे चालणारच, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, आणि खरं सांगते, मलाही तसंच वाटलं.

"आणि आता आपले सगळ्यांचे लाडके नदीकाका! दादाराव आणि कमलाकाकू इंगोले!"

लोक हसले. काका उठले, मावशी त्यांच्या मागे, रुमालातली बाटली दोन्ही हातांत धरून. काकांनी कोट नीट केला, घसा साफ केला, माईककडे हात केला. त्या हातात हिमानीने एक बाटली ठेवली. झाकण काढलेली, स्टिकर लावलेली. ती छान हसत होती.

"पूर्णा!" शशिकांत ओरडला.

टाळ्या सुरू झाल्या. काकांनी बाटलीकडे बघितलं, मग मावशींकडे. मावशींनी मान हलवली. नाही. अगदी स्पष्ट, मला बसल्या जागेवरून दिसली. त्यांनी आपली बाटली पुढेही केली, थोडीशी. टाळ्या वाढल्या. कुणीतरी शिट्टी मारली. शशिकांतने काकांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना घंगाळाकडे वळवलं.

काकांनी ओतलं.

सगळं ओतलं, शेवटच्या थेंबापर्यंत. मग रिकामी बाटली हिमानीला परत दिली आणि 'थँक यू' म्हणाले. तोवर माईकवर पुढचं नाव पुकारून झालं होतं. मावशी क्षणभर तशाच उभ्या राहिल्या, ज्यांच्या हातातलं कुणी मागितलंच नाही अशा, आणि मग पायऱ्या उतरून खाली आल्या.

नंतर मी हिमानीला गाठलं. ती खरंच गोंधळली. "अगं, मी तर चांगल्यासाठी केलं. त्यांचं राहून गेलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं ना?" तिच्या डोळ्यात पाणी आलं. मला तिचा राग करताच येईना, आणि म्हणूनच तिचा जास्त राग आला. दुष्ट माणसाशी भांडता येतं. या चांगुलपणाचं काय करायचं?

परतताना सायोटो नदीच्या पुलावर सिग्नल लागला. खाली पाणी संथ, मातकट. एरवी काका इथे काहीतरी बोलतातच.

"कळलं नाही का तुम्हाला?" मावशी मागच्या सीटवरून म्हणाल्या. "नळाचं होतं ते."

"बाटली हातात घेतली तेव्हाच कळलं. क्लोरिनचा वास येत होता."

"मग काहून ओतलं?"

सिग्नल सुटला होता, मागच्या गाडीने हॉर्न दिला.

"टाळ्या वाजत होत्या, कमल," ते म्हणाले.

मावशींनी बाटली परत शोकेसमध्ये ठेवली. पण पुढच्या रविवारी वंदनेच्या आधी मी पोचले तेव्हा तिच्यावर धूळ बसली होती, आणि त्याच्या पुढच्या रविवारीही ती तशीच होती. पॉटलकला काका आले, तर नदीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. लोकांना बरंच वाटलं असावं. एक जण मला म्हणाला, "काका आजकाल किती शांत झालेत ना? छान."

दिवाळीच्या आधी भिंत तयार झाली. हिमानीने ग्रुपवर फोटो टाकला, पितळी पट्ट्या लखलखत होत्या. मी त्या दिवशी इंगोल्यांकडेच होते. काकांनी फोनवर फोटो मोठा करत करत आपली पट्टी शोधली. 'श्री. व सौ. दादाराव इंगोले – पूर्णा.'

मावशींनी वाचलं आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. काकाच उठले. मी त्यांना इतक्या ठामपणे उठताना त्या दिवसानंतर पहिल्यांदा बघत होते. त्यांनी शशिकांतला फोन लावला, स्पीकरवर, मावशींना ऐकू जावं म्हणून.

"शशिकांतराव, पट्टीवर नदीचं नाव चुकलंय. टे पाहिजे. होईल तो खर्च मी देतो."

"काका, अहो पट्ट्या सगळ्या लागल्या आता. आणि चूक कुठे आहे? तुमच्या गावची नदी पूर्णाच ना?"

"गावची आहे. आमची नाही."

पलीकडे तो थोडा हसला. हसण्यात वाईट काही नव्हतं, फक्त त्याला घाई होती. "काका, पाणी तुम्ही स्वतःच्या हाताने ओतलंत. व्हिडिओ आहे आपल्याकडे. तेव्हा काही बोलला नाहीत. आता मी कमिटीला काय सांगू?"

मी वाट बघितली. मावशींनी वाट बघितली.

"बरोबर आहे तुमचं," काका म्हणाले, आणि फोन ठेवला.

मावशी उठल्या. शोकेस उघडून त्यांनी ती बाटली काढली, सुरी घेतली आणि झाकणावरची फीत कापली. स्वयंपाकघरातून स्टीलचा ग्लास आणला. काका पुढे झाले.

"कमल, काय करतेस? ते सॅम्पल आहे."

मावशींनी ग्लासात थोडं पाणी घेतलं, फिरवून कुंडीत टाकलं. पुन्हा घेतलं, टाकलं. तिसऱ्यांदा. मग उरलेल्या पाण्याने ग्लास भरला आणि काकांच्या समोर ठेवला.

"प्या."

"अगं, पंचवीस वर्षांचं पाणी आहे. पोट बिघडेल. निदान उकळून—"

"तिथे कुणी बघत नव्हतं म्हणून प्यालात," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज मुळीच चढला नव्हता. "आता मी बघतेय. ही पोरगी बघतेय. प्या."

काकांनी ग्लास उचलला. ओठांपर्यंत नेला. मला वाटलं, पितील. थोडं पाणी शर्टावर सांडलं. मग त्यांनी ग्लास होता तिथे परत ठेवला.

मावशींनी तो उचलला आणि त्या उभ्यानेच, एका दमात, पूर्ण प्यायल्या. पदराने तोंड पुसलं.

"गोड आहे," त्या म्हणाल्या.

त्या खरं बोलत होत्या का, मला माहीत नाही. इतकी वर्षं प्लास्टिकात बंद राहिलेलं पाणी गोड कसं लागेल? पण काका, ज्यांनी ती नदी उगमापासून समुद्रापर्यंत पाठ केली होती, ते टेबलावर डोकं ठेवून रडत होते, आणि मावशी रिकामी बाटली नळाखाली धूत होत्या.